पहिली कालवड पुढे द्यायची

ओकापेल
१६ फेब्रुवारी १९९७

एरियाझाली दादा,

गाई आल्याशिवाय तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं. नाहीतर तू म्हणाला असतास, चर्चवाल्यांच्या गाई फक्त प्रार्थनेतच हंबरतात. मंगळवारी त्या खरोखरच आल्या. ट्रकवाल्याने विचारलं, उतरवायच्या कुठे? धक्का कुठे आहे? आपल्याकडे कसला धक्का! मी म्हटलं, त्या मोठ्या वारुळाला पाठ लाव आणि फळी टाक. वारुळावर उतरल्या सहाही जणी, एकामागून एक, नवऱ्या मुलीसारख्या पाय जपत. काळ्या-पांढऱ्या, कान मोठे, वशिंड नावालाच, आणि सगळ्या गाभण.

सगळं गाव जमलं होतं. कुणी म्हणालं, ही गाय आहे की कपाट? रस्त्याने जाणारी दुसऱ्याची गुरं सोडली, तर आपल्या आवारात इतक्या वर्षांत खूर वाजला नव्हता. म्हातारे तर नुसते वास घेत उभे होते.

आम्ही पाच जणं हे काम बघतो. पाळकसाहेब इकिरिंग, चर्चचा वाचक योकाना, मी आणि चर्चच्या बायकांच्या मदर्स युनियनमधल्या दोघी. पगार नाही, चहासुद्धा घरचा. मला का निवडलं असं विचारशील, तर मला ओरडता येतं म्हणून. नियम सोपे आहेत. गाय घरातल्या बाईच्या नावावर. आधी गोठा आणि गवत, मग गाय. तिला रानात सोडायचं नाही, वैरण कापून पुढ्यात आणून द्यायची. आणि तिला पहिली कालवड झाली की ती मोठी करून दुसऱ्या गरजू घराला द्यायची. त्या घराने त्यांची पहिली कालवड तिसऱ्याला. असं पुढे पुढे.

पहिली गाय अमोदिंगला दिली. तुला आठवत असेल ती, लढाईच्या त्या धामधुमीत नवरा गेला तिचा, चार पोरं घेऊन उसाच्या शेतावर राबली, मग परत आली. तिचा गोठा इतका नेटका झालाय की लोक म्हणतात, घर गाईला देईल आणि स्वतः गोठ्यात झोपेल. दोर हातात दिला तर एक शब्द बोलली नाही. गाईच्या पाठीवर हात ठेवला तो तसाच ठेवून घरापर्यंत चालत गेली. दुसरी गाय एक्वारोच्या बायकोला, अगुतीला. एक्वारो म्हणजे तोच, चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने गातो आणि टोपी कधी काढत नाही.

एकच विचारते. अमोदिंगची गाय दुपारी फार धापा टाकते, जीभ बाहेर काढते. काय करावं?

तुझी,
लोसिरा


जिंजा
९ मार्च १९९७

लोसिरे,

गुरांबद्दल मला काही लिहू नकोस, हे मी तुला दहा वर्षांपूर्वी सांगितलंय. त्या सकाळी काटेरी फाटक उघडं होतं आणि आत नुसतं ऊन शेण. बाबांनी जमवलेली, मी वाढवलेली सगळी खिल्लारं दरोडेखोरांनी एका सकाळी हाकून नेली. त्यानंतर मी सायकली दुरुस्त करतो. सायकल पळवली तर माणूस दुसरी घेतो. सायकल आजारी पडली तर तिच्याजवळ रात्रभर बसावं लागत नाही. सुखी आहे मी.

आणि तुमची ती परदेशी गाय! घरात बांधून ठेवायची, ताटात वाढून द्यायचं, ऊन लागू द्यायचं नाही. ही गाय नाही बाई, ही सासू आहे. तुम्ही सहा सासवा गावात उतरवून घेतल्यात.

धापा टाकते कारण तिला उकडतंय, दुसरं काय? छपरावर गवताचा थर दुप्पट कर. पश्चिमेची बाजू बंद असेल तर उघडायला सांग, वारा आरपार गेला पाहिजे. पाणी किती वेळा देते अमोदिंग? सकाळ-संध्याकाळ दिलं म्हणजे झालं असं समजत असेल तर तिला सांग, ही अख्खा हौद पिणारी जात आहे. गोचीड रोज बोटांनी काढायचे, कानाच्या आत आणि शेपटीखाली. शिंगं कशी आहेत, वरती वळलेली की बाहेर? खाली बसते तेव्हा कुठल्या कुशीवर बसते? कासेकडची शीर दिसायला लागली का? रंग म्हणालीस काळा-पांढरा, पण कपाळ कसलं आहे? हे काही कळवलं नाहीस. पत्र लिहायचं तर नीट लिहावं.

पण गुरांबद्दल नको लिहूस.

एरियाझाली

(वन्सं, मी अमुलेन. हे पत्र लिहिताना दुकानात दोन गिऱ्हाईकं ताटकळली. तुमचं आधीचं पत्र त्यांनी तीनदा वाचलं, एकदा शेजारच्या शिंप्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही लिहीत राहा.)


ओकापेल
२७ एप्रिल १९९७

दादा,

पश्चिमेची बाजू उघडली, पाणी वाढवलं, गाय शांत झाली. अमोदिंग म्हणते, तुझ्या भावाला सांग, कपाळावर पांढरा ठिपका आहे, पसरलेल्या भाकरीच्या पिठासारखा, आणि बसते ती उजव्या कुशीवर. ती तुझ्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून माझ्याकडे आली होती.

आता दुसरं ऐक आणि हसू नकोस. अगुतीची गाय गेली.

चोरीला नाही. एक्वारोने नेली. पाणथळीपलीकडे अजेलुकमध्ये म्हातारा झेरुबाबेल ओपोलोत राहतो, त्याची धाकटी मुलगी दुसरी बायको म्हणून एक्वारोच्या मनात भरली. मुलीच्या बापाला देज म्हणून द्यायला याच्याकडे दुसरं काय होतं? अगुती माहेरी आजारी आईला बघायला गेलेली. या टोपीवाल्याने गाय सोडली आणि पलीकडे नेऊन म्हाताऱ्याच्या खिल्लारात उभी केली. वर रविवारी येऊन चर्चमध्ये गायला! त्याला विचारलं तर म्हणतो, "गाय माझ्या आवारात होती, आवार माझं आहे, आणि मुलगी चांगली आहे, लोसिरा, तू तिला बघितलं असतंस तर तूसुद्धा गाय दिली असतीस."

मी त्याची टोपी काढून चिखलात टाकली. हे मी पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही.

अगुती परत आली आणि रिकाम्या गोठ्यात जाऊन बसली. रडली नाही, भांडली नाही. कापून ठेवलेलं गवत वाळत होतं, ते उलटंपालटं करत बसली. ते बघून माझ्याच डोळ्यांना पाणी आलं.

पाळकसाहेब म्हणतात पोलिसांत जायचं. योकाना म्हणतो म्हाताऱ्याला चर्चमधून नाव काढायची धमकी द्यायची, पण म्हातारा चर्चमध्ये येतच नाही, तर काय काढणार? बाकीच्या पाच घरचे पुरुषही आता डोळे मिचकावायला लागलेत. ही एक गाय गेली की सगळ्याच गेल्या समज. परवा तर एकाने मला विचारलं, एका गाईला एक बायको की दीड?

तू सांग, काय करू? बसवाल्याजवळ लगेच उत्तर दे.

लोसिरा


जिंजा
२ मे १९९७

लोसिरे,

हसलो. आधी तेच सांगतो. टोपीवरून सगळं दुकान हसलं.

आता नीट वाच. पोलिसांना नेऊ नकोस. पोलीस आले की म्हातारा म्हणेल, देज म्हणून आलेली गाय आहे, मुलीची अब्रू आहे. मग त्याचे भाऊबंद उभे राहतील आणि गाय राहील बाजूलाच. देजाची गाय कुणी परत करतं का? तसं केलं तर आपल्या मुलीला बाजारातून परत आणल्यासारखं होतं. त्याचं तोंड काळं होईल असं काहीही करायचं नाही.

पण सांभाळायला ठेवलेली गाय? ती तर मागितली की द्यावीच लागते. बाबा आपली अर्धी गुरं दुसऱ्यांच्या खिल्लारात ठेवायचे, दुसऱ्यांची आपल्याकडे असायची. कुणी न्यायला आलं की बाबा तिला धुऊन-पुसून, चारून द्यायचे, वर कोंबडी द्यायचे. ज्याच्याकडे लोक गुरं ठेवतात तो मोठा माणूस. म्हातारा झेरुबाबेल जुन्या वळणाचा आहे, मी त्याला ओळखतो. त्याला हे कळेल.

तर तुम्ही बायकाच जा. पाळकांना नेऊ नका, एक्वारोला तर मुळीच नको. आभार मानायला जा. समजलं का तुला? भांडायला नाही. चर्चची गाय त्याने इतके दिवस सांभाळली म्हणून आभार. हातात काहीतरी घेऊन जा. आणि गाईची चौकशी तू करू नकोस, त्याला बोलू दे. आणखी एक, ती गाय आत्तापर्यंत त्याला पुरेशी नडली असेल. उन्हात रानात फिरणारी गाय नव्हे ती. म्हाताऱ्याची सुटकाच हवी असेल, फक्त दार सापडत नसेल.

ओरडू नकोस. हे सगळ्यात कठीण, मला माहीत आहे.

एरियाझाली


ओकापेल
१८ मे १९९७

दादा,

मी ओरडले नाही. लिहून ठेव कुठेतरी.

आम्ही बायका निघालो. डोक्यावर शेंगदाण्याची टोपली, तिळाची टोपली, आणि अगुतीने रात्रभर कुटलेलं नाचणीचं पीठ. पाणथळीतून कमरेएवढ्या पाण्यातून गेलो, गाणी म्हणत. म्हाताऱ्याच्या आवारात पोचलो तेव्हा तो स्टुलावर बसला होता, आणि आमचा घोळका बघून उठून उभा राहिला, काठी हातात. त्याला वाटलं लढाई आली.

मी गुडघे टेकले. म्हटलं, "बाबा, ओकापेलच्या चर्चने आम्हाला पाठवलंय. आमचा गोठा नीट होईपर्यंत तुमच्यावर ओझं पडलं. परक्या गाईला तुम्ही पोटच्या लेकरासारखं ठेवलंत. आभार मानायला आलोय."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग अगुतीकडे. मग टोपल्यांकडे. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती, ती झाडू तसाच हातात धरून थांबली.

मग तो हळूच खाली बसला आणि म्हणाला, "हो. सांभाळली खरी. पण पोरी, ही कसली गाय? सावलीत उभी राहते आणि मलाच बोलावते. माझी नातवंडं दिवसभर तिला गवत कापतात. रानात सोडली तर दुपारी आडवीच झाली, चौघांनी पाणी ओतून उठवली. माझी म्हातारी म्हणते, मुलीच्या बदल्यात गाय मागितली होती, सासू कुठून आली?"

दादा, देवाशपथ, अगदी हाच शब्द! मला हसू आवरेना, मी खोकल्याचं नाटक केलं. त्याची बायको मात्र मोकळी हसली, आणि मग सगळंच सैल झालं.

मी म्हटलं, "इतकं सांभाळलंत, आता आम्ही तिचा गोठा दुरुस्त केलाय, तुम्ही म्हणाल तेव्हा नेऊ." तो म्हणाला, "ठेवलेली गाय न्यायला आलेल्याला मी उपाशी पाठवत नाही." कोंबडी कापली. आम्ही नाचणीचा घट्ट अताप खाल्ला, वांग्याची भाजी खाल्ली. निघताना त्याने स्वतः गाईच्या अंगावरचे गोचीड काढले, पाणी पाजलं आणि दोर अगुतीच्या हातात दिला. माझ्या नाही, अगुतीच्या. म्हणाला, "ही तुझी आहे ना? मग दोर तू धर. आणि तुझ्या नवऱ्याला सांग, मुलीला मागायला यायचं तर स्वतःचं काही घेऊन ये. आधी टोपी धू म्हणावं."

ती मुलगी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती जी हसली ना, त्यावरून एक्वारोला तिथे फारशी आशा दिसत नाही.

एक्वारो आता गवत कापतो. अगुती त्याच्याशी फक्त गवतापुरतं बोलते.

आणि अमोदिंगच्या गाईला कालवड झाली! शुक्रवारी पहाटे. काळी, मागचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. त्या घरच्या पोरांनी दूध प्यायलं तेव्हा धाकटा म्हणाला, हे गोड का लागतं, साखर तर नाही घातली?

लोसिरा


जिंजा
८ जून १९९७

लोसिरे,

तुझं पत्र शिंप्याने मागून घेतलं, मग चहावाल्याने. आता त्याच्यावर तेलाचे डाग आहेत. झेरुबाबेलने कोंबडी कापली याचं मला नवल नाही. बाबांचा मित्र होता तो.

कालवडीला पहिले काही दिवस दूध पोटभर पिऊ द्या, अमोदिंगने चिकूपणा करू नये म्हणावं. मागचे पाय पांढरे म्हणजे चांगलं. आपल्या एका गाईचे तसे होते. असो.

ऑगस्टमध्ये अमुलेनच्या भाचीचं लग्न आहे, ती गावी येईल. मी येणार नाही, दुकान आहे. तिच्या डोक्यात काही भरवू नकोस. आल्यावर दोन दिवस ती आपल्या जुन्या आवारातल्या आंब्याबद्दल बोलते आणि मग खोलीचं भाडं तिला जास्त वाटायला लागतं.

एरियाझाली


ओकापेल
२१ सप्टेंबर १९९७

दादा,

हे पत्र उभं राहून वाचू नकोस. बस.

अमुलेन वहिनी लग्नाला आली तेव्हा रविवारी चर्चमध्ये उठली आणि म्हणाली, "माझं घर या गावात आहे. छप्पर पडलंय, पण जमीन आहे, आणि मला परत यायचंय. पुढची कालवड द्यायच्या घरांत माझं नाव विचारात घ्या." मलाही काही सांगितलं नव्हतं तिने. नंतर मला म्हणाली, इतक्यात त्यांना सांगू नका, मी योग्य वेळी सांगेन. पण मला तुझ्यापासून लपवणं जमत नाही आणि तिला योग्य वेळ सापडत नाहीये, हे तिच्या नंतरच्या गप्प बसण्यावरून मी ओळखलंय.

ठरवायचा दिवस आला तेव्हा मी बैठकीतून उठून बाहेर गेले. माझ्या भावजयीचं नाव आहे, मी बसणार नाही, म्हटलं. बाहेर लाकडं फोडत बसले. आमच्यात रीत अशी आहे की ज्या घरची कालवड, त्या बाईचं मत आधी विचारायचं. परागंदा होऊन परतणारी घरं आधी धरायची असं तर वरूनच सांगितलंय. अशी तीन घरं होती. अमोदिंगने अमुलेनचं नाव घेतलं. बाकीच्यांनी मान्य केलं.

योकानाने बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी उरलेली सगळी लाकडंही फोडून टाकली.

जानेवारीत कालवड द्यायची. त्याआधी गोठा हवा, गवत लावलेलं हवं.

वहिनीवर रागावू नकोस.

लोसिरा


जिंजा
५ ऑक्टोबर १९९७

लोसिरा,

मला गरजू कुणी ठरवलं?

याच गावात माझी गुरं पाण्यावर निघाली की लोक रस्ता सोडून उभे राहायचे. माझ्याकडून दूध गेलं नाही असं एक घर नव्हतं. आणि आता मी चर्चच्या अंगणात रांगेत उभा राहून, एका विधवेच्या हातून, तिच्या पोरांच्या तोंडचं वासरू घेऊ? सगळे टाळ्या वाजवतील, पाळकसाहेब प्रार्थना करतील, आणि मी टोपी हातात धरून हसू?

आता मला कळलं तू फेब्रुवारीपासून ही पत्रं का लिहीत होतीस. कपाळाचा रंग, पांढरे पाय, सगळं आमिष होतं. मासा गळाला लावतात तसं. मी मूर्खासारखं उत्तरं देत बसलो.

अमुलेनशी मी बोललो नाही. म्हणजे बोललो, पण त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. जेवण वाढते आणि शिंप्याच्या बायकोकडे जाऊन बसते.

ती कालवड दुसऱ्याला द्या. तीन घरं होती म्हणालीस ना, दोन उरली. अमोदिंगला माझा नमस्कार सांग आणि सांग की ओकिरोर हे नाव लावणाऱ्याला दान नको.

एरियाझाली


ओकापेल
२ नोव्हेंबर १९९७

दादा,

इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. रस्त्यावरून होडी चालेल. हे पत्र ट्रॅक्टरवाल्याबरोबर पाठवतेय.

आमिषाचं म्हणशील तर नाही. मी गाईंबद्दल लिहिलं कारण मला गाईतलं काही कळत नव्हतं आणि तुझ्याशिवाय कुणाला विचारू? तुला ते आवडायला लागलं हे मला नंतर दिसलं. मग थांबले नाही, एवढं मात्र खरं.

अमोदिंगला तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. ती गाय दोहत होती. दोहणं थांबवलं नाही. दोहून झाल्यावर म्हणाली, लिही. ती बोलली तसं लिहिते.

"ओकिरोर, दान म्हणजे काय ते मला विचार. उसाच्या शेतावर लोकांनी मला जुनं लुगडं दिलं, उरलेला अताप दिला, पोरांना कुणाच्या तरी ओट्यावर झोपायला जागा दिली. मी घेतलं, सगळ्यांचं घेतलं, आणि ज्याने दिलं त्याच्याकडे मान वर करून कधी बघितलं नाही. ही गाय आली तेव्हाही मी मान खालीच घातली होती. लोसिराला विचार, मी एक शब्द बोलले नाही.

मग ही कालवड झाली. ती वाढत होती आणि मी रोज मनात म्हणत होते, ही मी देणार आहे. मी. सगळं आयुष्य घेणारी बाई होते, आता देणारी होणार. कुणाला द्यायची ते मी रोज गवत कापताना ठरवत होते. तुझी बायको उठून बोलली तेव्हा मी ठरवलं. कारण माझं लग्न झालं त्या वर्षी तुझ्या गोठ्यातून माझ्या घरी रोज दूध यायचं, आणि ते आणून देणारी अमुलेन मला कधी दारात ताटकळत ठेवायची नाही, आत येऊन बसायची.

तू घेतलं नाहीस तर कालवड वाया जाणार नाही, दुसरी घरं आहेत. पण मला ज्याला द्यायचंय त्याला देता येणार नाही. तुझा मान मोठा आहे हे मला माहीत आहे. माझा नुकताच उगवलाय. त्याच्यावर पाय ठेवू नकोस.

आणि रांगेत तुला कुणी बोलावलंच नाही. गाय बाईच्या नावावर असते. तुला फक्त गवत कापायचंय."

मी यात माझं काही घालत नाही.

लोसिरा


जिंजा
७ डिसेंबर १९९७

लोसिरे,

आपल्या आवारातल्या जुन्या खांबांना वाळवी लागली आहे का ते बघून ठेव. मागच्या कडेचे बाभळीचे चार उभे होते, ते अजून असतील तर गोठ्याला चालतील. नेपियर गवताची रोपं अगुतीकडून मागून पाणथळीच्या कडेला लावून टाक, पाऊस आहे तोवर जीव धरतील. एक्वारोला लावायला सांग, त्याला सवय झाली असेल.

शिंप्याने दुकानाची जागा घ्यायची तयारी दाखवलीय. हत्यारं मी बरोबर आणतोय, गावात सायकली आहेतच.

मी छप्पर बघायला येतोय. कालवडीसाठी नाही.

एरियाझाली

(वन्सं, मी आता बोलते त्यांच्याशी. अमुलेन)


ओकापेल
२५ जानेवारी १९९८

लोसिरे,

नेमकं याच आठवड्यात तुझ्या लेकीला कंपालात बाळंत व्हायचं होतं? मुलगा झाला, दोघं बरी आहेत, हे कळलं. सगळं गाव खूश आहे. पण तू नव्हतीस म्हणून आज हे मलाच लिहावं लागतंय, आणि मला असलं लिहिता येत नाही.

आज प्रार्थनेनंतर कालवड दिली. मी मागे सायकली लावतात तिथे उभा राहिलो होतो. तिथूनच बघायचं ठरवलं होतं. अमोदिंग कालवडीला घेऊन आली. तिला धुतलं होतं, खुरं घासली होती. अमोदिंगने नवीन पिवळा गोमेसी झगा घातला होता, खांदे असे टोकदार. पाळकसाहेब बोलायला लागले तर तिने हाताने थांबवलं आणि स्वतः बोलली. ही काय खाते, काय टाकते, ढगांना घाबरते, कानामागे खाजवलं की डोळे मिटते, पाण्याची बादली लाल असली तर पीत नाही. फार वेळ बोलली. योकानाने घड्याळ बघितलं तर त्याच्याकडे अशी बघितली की त्याने ते खिशात घातलं. मग अमुलेनने हात पुढे केला. दोर दोघींच्या हातात होता, अमोदिंग सोडेना. अमुलेनही ओढेना. तशाच उभ्या राहिल्या दोघी. मग अमोदिंगने सोडला आणि मान वर करून सगळीकडे बघितलं, सगळ्यांकडे, एकेकाकडे.

माझ्यापर्यंत नजर आली तेव्हा म्हणाली, "ओकिरोर, सायकली कुणी नेत नाही. इकडे ये."

गेलो. सगळे हसले. टाळ्याही वाजवल्या, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या हे मला स्वच्छ दिसलं. अमोदिंगसाठी होत्या. मीही वाजवल्या. एक्वारो गायला, चांगला गातो तो, टोपी काढून गायला. अगुतीच्या गाईला गोऱ्हा झाला, ती आता पुन्हा गाभण आहे, आणि अगुती त्याच्याशी गवताशिवायही थोडं बोलते असं दिसतं. तुमच्या लोकांनी मला विचारलं, पुढच्या घरांचे गोठे बघायला आमच्याबरोबर फिराल का? मी म्हटलं, चहा घरचा असेल तर नाही. हो म्हणालोय.

मग घरी निघालो. अमुलेनच्या हातात दोर, मी मागून. तळ्यावर पाणी पाजलं. बादली नव्हतीच, त्यामुळे रंगाचा प्रश्न आला नाही.

तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे रस्त्यात माणूस भेटला की पोरंबाळं, तब्येत, मग गुरं विचारतात. त्या दरोड्यानंतर मला ते कुणी विचारत नसे. पोरांपाशी आणि तब्येतीपाशी थांबायचे, मग आभाळाकडे बघायचे. वाईट वाटू नये म्हणून. मी जिंजाला गेलो त्याचं एक कारण ते होतं, तिथे कुणी कुणाला काहीच विचारत नाही.

आज तळ्याच्या चढावर म्हातारा झेरुबाबेल समोरून आला, धाकट्या मुलीच्या होणाऱ्या सासरी चालला होता. तिचं लग्न ठरलंय, दुसरीकडे. थांबला. काठीवर दोन्ही हात ठेवले. पोरं कशी आहेत? बरी आहेत. तब्येत? बरी आहे. मग कालवडीकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि गुरं कशी आहेत?"

अमुलेन उगाच दोराची गाठ बघायला लागली.

होती एकच, आणि तीही बायकोच्या नावावर. पण विचारणारा सगळ्यांचं विचारतो, म्हणून मीही तसंच उत्तर दिलं. म्हटलं, "गुरं बरी आहेत, बाबा. आत्ताच पाणी पिऊन परत चाललीत."

एरियाझाली